गेम इंजिनमध्ये लढाईचा छोटा ॲनिमेशन प्रसंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोलीत दर रविवारी सकाळी आम्ही काही जण लॅपटॉप घेऊन एकत्र बसतो. बहुतेक कॉलेजची मुलं-मुली, एक-दोन नोकरीवाले आणि मी. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्यांदा एकच गोष्ट करायची असते: दोन पात्रांची अर्ध्या मिनिटाची लढाई. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. जिथे आम्ही जास्त अडकलो तिथे जास्त लिहिलंय.

गेम इंजिन खेळ बनवण्यासाठी असतं ना? मग ॲनिमेशनला ते कशाला?

इंजिनाचं मुख्य काम म्हणजे समोरचं दृश्य सेकंदाला तीस-साठ वेळा नव्याने रंगवणं. त्यामुळे दिवा सरकवला, कॅमेरा खाली घेतला, फटका दोन फ्रेम (म्हणजे दोन चित्रं) आधी आणला, की परिणाम तिथल्या तिथे दिसतो. लढाईला नेमकं हेच लागतं. शांत संभाषणाचा प्रसंग अंदाजाने करता येईल, पण लढाईतला एकेक फटका पन्नास वेळा मागेपुढे करून पाहावा लागतो. प्रत्येक वेळी रेंडरची, म्हणजे संगणक पक्कं चित्र तयार करेपर्यंतची, वाट बघत बसलात तर तिसऱ्या दिवशी उत्साह संपतो.

ब्लेंडर हा थ्रीडी मॉडेल आणि ॲनिमेशनचा प्रोग्राम मात्र बाजूला ठेवू नका. मॉडेल दुरुस्त करणं, रिग (पात्राच्या आतला हाडांचा सांगाडा) नीट करणं, हालचालींवर बारीक हात फिरवणं यासाठी ते लागतंच, आणि ते फुकट आहे. आमच्यातले निम्मे लोक हालचाल ब्लेंडरमध्ये करतात आणि उजेड, कॅमेरा, धूळ, रेंडर इंजिनात.

कुठलं इंजिन घेऊ? अनरियल, युनिटी की गोडो?

लॅपटॉप बघून ठरवा. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर अनरियल घ्या. त्यातलं सीक्वेन्सर हे सिनेमाच्या एडिटिंग टेबलासारखंच आहे: कॅमेरे, पात्रं, आवाज, सगळं एका टाइमलाइनवर. कंट्रोल रिगमुळे पात्राच्या हालचाली इंजिनातच बदलता येतात. युनिटी आधीपासून येत असेल तर ते बदलू नका. टाइमलाइन, सिनेमशीन आणि रेकॉर्डर ही तीन पॅकेजं घातलीत की काम होतं. साधा लॅपटॉप असेल तर गोडो. ते उतरवायला हलकं आहे, आणि मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून त्यात मूव्ही मेकर मोड आहे, जो तुमचा संगणक कितीही हळू असला तरी एकही फ्रेम न गाळता सगळं फाइलमध्ये लिहून काढतो.

नवीन माणसाला मी गोडोच सांगतो. अनरियलचं चित्र पहिल्याच दिवशी देखणं दिसतं, आणि तिथेच माणूस फसतो: उजेड सुंदर, दगड खरे, धुकं छान, पण दोघे लढतायत असं काही वाटत नाही. गोडोमध्ये दोन राखाडी बाहुले एकमेकांना भिडवताना तुम्ही फक्त हालचालीकडे बघता.

माझा लॅपटॉप चालेल का?

अनरियल ५ साठी ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर निवांत काम होतं. १६ जीबीवर आम्ही केलंय. ल्युमेन (अनरियलची उजेडाचा जड हिशोब करणारी सोय) बंद ठेवायचं, टेक्स्चर (मॉडेलवर चिकटवायची पृष्ठभागाची चित्रं) लहान घ्यायची आणि इतर सगळे प्रोग्राम बंद करायचे. ८ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, अशा लॅपटॉपवर गोडो आणि साधी मॉडेलं. उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवून रेंडर लावू नका. खालून हवा मिळाली नाही की तो आपोआप मंद होतो.

प्रसंग किती मोठा असावा?

वीस ते तीस सेकंद. पहिल्यांदा मिनिटाचा हट्ट धरलेल्यांपैकी आमच्याकडे एकानेही तो पुरा केलेला नाही.

गोष्ट लागते का? नुसती मारामारी चालणार नाही?

एवढं तरी ठरवा: कोणाला काय हवंय, आणि शेवटी ते कोणाला मिळतं. एका मुलीने दोन भावांची लढाई केली होती, कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) पाण्याच्या पाटासाठी. एक जण फावड्याने पाट आपल्याकडे वळवतो, दुसरा येऊन पायाने माती ओढून तो बंद करतो. पुढे जे होतं ते बावीस सेकंदांत संपतं. तलवार नाही, उडी नाही. पण पाणी कुठे जातंय हे बघणाऱ्याला प्रत्येक क्षणी कळतं, म्हणून प्रत्येक धक्क्याला अर्थ येतो.

चित्र काढता येत नाही. पात्रं आणि हालचाली आणू कुठून?

मिक्सामो ही अडोबीची साइट आहे. खातं उघडलं की पात्रं आणि हालचाली फुकट उतरवता येतात. तुमचं स्वतःचं माणसाच्या आकाराचं मॉडेल असेल तर हनुवटी, मनगटं, कोपर, गुडघे अशा खुणा लावून देता येतात आणि ती साइट स्वतः रिग करून देते. पात्र एकदाच घ्या. पुढच्या हालचाली उतरवताना ‘विदाऊट स्किन’ निवडा, नाहीतर प्रत्येक फाइलमध्ये तोच देह पुन्हा येऊन प्रोजेक्ट फुगतं. फ्रेमचा वेग पहिल्यापासून २४ ठेवा आणि इंजिनातही तोच ठेवा.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतः करून बघणं. फोन उभा करा, अंगणात जा, लढाई स्वतः खेळा, सेकंदाला ६० फ्रेमने टिपा. मग व्हीएलसीमध्ये तो व्हिडिओ उघडून ‘ई’ ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. धावत येऊन धक्का देताना आपली टाच नेमकी कधी टेकते, हे मला चाळिशीत असं बघून पहिल्यांदा कळलं.

मिक्सामोची तयार हालचाल लावली, तरी फटका खोटा वाटतो. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि याचं उत्तर मला संगणकाजवळ मिळालं नाही.

पेडण्याच्या बाजूला जत्रेत दशावतार बघत होतो. रात्रीचे दोन वाजून गेलेले, दोन राजे लढतायत. तलवारी लाकडी, दोघांमध्ये हातभर अंतर, एकाचाही घाव दुसऱ्याला शिवत नाही. तरी समोरची माणसं पुढे सरकून बसलेली. सकाळी त्यातल्या वयस्कर कलाकाराशी बोलायला मिळालं. मी विचारलं, “बाबा, तलवार लागतच नाही, तरी लागली असं कसं वाटतं?” त्यांनी रंग पुसता पुसता सांगितलं, “मारता तेका कोण बघता? पडता तेका लोक बघतत.”

हे डोक्यात धरून आमचे सगळे प्रसंग पुन्हा पाहिले. प्रत्येकात मारणाऱ्याची हालचाल निवडून, घासूनपुसून घेतलेली; मार खाणाऱ्याला मात्र कुठलीतरी ‘हिट रिॲक्शन’, म्हणजे मार बसल्याची तयार हालचाल, चिकटवलेली. घाव डाव्या खांद्यावर, आणि मान मागे जातेय सरळ. घाव वरून, आणि माणूस बाजूला. डोळ्याला हे लगेच खटकतं, मनाला कारण सांगता आलं नाही तरी.

म्हणून आता आम्ही उलटं करतो. आधी मार खाणाऱ्याची हालचाल ठरवायची: धक्का कुठे बसतो, अंग कुठल्या दिशेला जातं, वजन कुठल्या पायावर येतं, तो पडतो की सावरतो. ते पटलं की त्या धक्क्याला साजेसा फटका मारणाऱ्याला द्यायचा.

मग वेळ. आमच्या एका प्रसंगातला काठीचा फटका सांगतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर तो एकूण ३४ फ्रेमचा आहे, म्हणजे दीड सेकंदाहून थोडा कमी. पहिल्या ९ फ्रेम तयारीच्या: काठी मागे जाते, मागच्या पायाचा गुडघा वाकतो, समोरच्याची नजर काठीकडे वळते. १० ते १२, अवघ्या तीन फ्रेम, प्रत्यक्ष फटका. १३ ते १५ दोघेही जागच्या जागी थबकतात. १६ ते २२ धक्का अंगातून जातो: आधी खांदा, मग मान, मग कंबर, सगळ्यात शेवटी पाय. २३ ते ३४ सावरणं.

मधल्या त्या तीन थबकलेल्या फ्रेमवर जीव ओवाळून टाकावा इतक्या त्या महत्त्वाच्या आहेत. लढाईचे खेळ बनवणारे याला हिट-स्टॉप म्हणतात. फटका बसला हे डोळ्याला नोंदवायला तेवढा अवकाश लागतो. दशावतारातही तेच होतं: पखवाजाची थाप पडते, झांज वाजते, दोघे क्षणभर गोठतात आणि मग एक जण गिरकी घेऊन मागे जातो. करायला सोपं आहे: १३ नंबरच्या फ्रेमची कीफ्रेम (त्या क्षणाची नोंदवलेली स्थिती) उचलून १५ वर पुन्हा चिकटवा. अगदी पुतळा वाटत असेल तर मार खाणाऱ्याला त्या तीन फ्रेममध्ये केसभर थरथर द्या.

आणखी एक. जोर पायातून येतो. आमच्या त्याच फटक्यात कंबर ८ व्या फ्रेमला फिरायला लागते, खांदा ९ व्या, कोपर १० व्या आणि मनगट ११ व्या. सगळे सांधे एकाच फ्रेमला निघाले तर पात्र दार उघडल्यासारखं फिरतं. तयार हालचालीत हा फरक बहुतेक वेळा असतो. आपण वेग वाढवायला कीफ्रेम काढून टाकतो तेव्हा तो मरतो. वेग वाढवायचा असेल तर फक्त फटक्याच्या फ्रेम आवळा, तयारीला हात लावू नका.

पाय जमिनीवर घसरतात.

बहुधा हालचाल ‘इन प्लेस’ घेतलीय, म्हणजे पात्र जागच्या जागी चालतंय, आणि तुम्ही त्याला वेगळं पुढे सरकवताय. दोन्ही वेग जुळत नाहीत. एकतर रूट मोशन वापरा, म्हणजे पुढे जाणं हालचालीतच असेल, किंवा पाय टेकलेल्या फ्रेमपुरता आयकेने (पाऊल किंवा पंजा एका जागी ठेवला की बाकीचे सांधे आपोआप वळवणारी सोय) जागेवर खिळवा. वीस सेकंदांच्या प्रसंगात अशा दहा-बारा जागा निघतात, त्या हाताने दुरुस्त करता येतात.

जिथे जमत नाही तिथे कॅमेरा गुडघ्याच्या वर घ्या. यात लबाडी नाही; सिनेमावाले नेहमी करतात.

सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाने घोडेमोडणी या लोकनृत्यावरून दोन स्वारांची लढाई केली. शिगम्यात हे बघितलं असेल: कमरेला बांधलेला सजवलेला घोडा, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, मागे ढोल-ताशा-कासाळे. घोड्याच्या झुलीखाली पाय बरेचसे झाकले जातात, त्यामुळे घसरणाऱ्या पायांचा प्रश्नच उरला नाही. वरचं अंग मात्र फार बोलकं झालं, कारण सगळा जोर खांद्यात आणि मानेत आणावा लागला. झुलीला इंजिनातलं कापड लावलं होतं, तिची लाट दोन-तीन फ्रेम उशिरा येते आणि वजन आपोआप दिसतं. असं काही करायचं तर आधी गावातल्या जाणत्यांना विचारा. तिथे ते देवाच्या नावाने होतं.

दोन पात्रं एकमेकांतून आरपार जातात. कोलिजन (वस्तू एकमेकांना अडवतील अशी सोय) लावलं तरी थांबत नाहीत.

थांबणार नाहीत. टाइमलाइनवरची हालचाल हाडांना सांगितलेल्या जागी नेऊन ठेवते. वाटेत कोणाचं अंग आहे का हे ती विचारत नाही. अंतर तुम्हालाच मोजून द्यावं लागतं. घाव बसण्याच्या फ्रेमवर जा, टाइमलाइन थांबवा, दोघांना त्या एका फ्रेममध्ये नीट उभे करा, आणि तिथून मागे पुढे जुळवत जा. पहिल्या फ्रेमपासून सुरुवात करणारे नेहमी अडकतात.

पडतानाचा शेवटचा भाग मात्र रॅगडॉलला, म्हणजे अंग सैल सोडून इंजिनाच्या फिजिक्सला, देता येतो. पडणं सुरू होईपर्यंत कीफ्रेम, तोल गेला की फिजिक्स. दहा वेळा चालवा आणि बरं पडणं निवडा.

तलवार हातात बसत नाही.

अनरियलमध्ये हाताच्या हाडावर सॉकेट (वस्तू जोडायची जागा) करून, गोडोमध्ये बोनअटॅचमेंट लावून, युनिटीत थेट हाताच्या हाडाखाली ठेवून ती जोडा. मूठ पकडलेल्या बोटांची स्थिती वेगळी करून ठेवावी लागते, नाहीतर तलवार उघड्या पंजाला चिकटलेली दिसते. दोन्ही हातांनी धरायची असेल तर एक हात तलवारीचा मालक ठेवा आणि दुसरा आयकेने मुठीवर आणा.

कॅमेरा कुठे ठेवू?

दोन पात्रांमधून एक दोरी ताणली आहे असं समजा. प्रसंगभर दोरीच्या एकाच बाजूला राहा. पलीकडे उडी मारलीत की डावीकडचा उजवीकडे जातो आणि कोण कोणाला मारतंय हे बघणाऱ्याला कळेनासं होतं. ओलांडायचीच असेल तर कॅमेरा बघणाऱ्याच्या डोळ्यांदेखत फिरवत न्या.

मूठ गालाला न लागता लागल्यासारखी दाखवायची असेल तर कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या डोक्यामागे ठेवा. मधलं अंतर नजरेला दिसत नाही. बाजूने दाखवलंत तर वीतभर फटही उघडी पडते.

कट करायचा तर फटका बसण्याच्या एक-दोन फ्रेम आधी करा, म्हणजे धक्का नव्या शॉटमध्ये बसतो. पण वीस सेकंदांत पंधरा कट करू नका. नवख्या माणसाला वाटतं वेगाने कट केलं की जोर येतो. येतो तो गोंधळ. पाटाच्या प्रसंगात फक्त पाच शॉट होते.

हादरा, स्लो मोशन, ठिणग्या, धूळ. किती घालू?

कॅमेऱ्याचा हादरा चार-सहा फ्रेमचा, सुरुवातीला जोरात आणि लगेच विरणारा, आणि प्रत्येक फटक्याला नको. सगळ्यात मोठ्या धक्क्यासाठी राखून ठेवा. स्लो मोशन एकदाच. धूळ मात्र हवीच: पाय घसरतो तिथे, माणूस आपटतो तिथे. आपल्याकडची माती तांबडी आहे, धुळीचा रंगही तांबूस घ्या. इंजिनातली तयार करडी धूळ आपल्या जमिनीवर परकी दिसते. आणि पावसाळा दाखवताय तर धूळ उडणार नाही, चिखलाचे शिंतोडे उडतील.

गोडोत हे सगळं ॲनिमेशनप्लेअरमधल्या मेथड ट्रॅकने नेमक्या फ्रेमला सुरू करता येतं. अनरियलमध्ये नायगारा (धूळ-ठिणग्यांसारखे कण बनवणारी सोय) सीक्वेन्सरवर ओढा.

मागचा देखावा गोव्याचा हवाय. तयार मॉडेल मिळत नाहीत.

फोन घ्या आणि घराबाहेर पडा. चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) गडगा, शेणाने सारवलेलं अंगण, शेवाळलेली पायरी, सगळं टेक्स्चर म्हणून घेता येतं. वेळ निवडा: ढगाळ दिवस. ऊन असताना घेतलेल्या फोटोत चिऱ्याच्या प्रत्येक भोकात सावली पक्की बसते आणि इंजिनात दिवा दुसरीकडे ठेवला की दोन सावल्या भांडतात. जून-जुलैत पाऊस थांबलेल्या अर्ध्या तासात सगळीकडे सारखा, मऊ उजेड असतो. त्या अर्ध्या तासाची वाट बघा. भिंतीसमोर अगदी सरळ उभे राहून फोटो घ्या, तिरका नको. मग क्रिटा या चित्रांच्या प्रोग्राममध्ये रॅपअराउंड चालू करून कडा जुळवा, म्हणजे तोच तुकडा भिंतभर लावता येतो.

ओला चिरा आणि सुका चिरा यांचा रंग फार वेगळा असतो. ओला जवळजवळ तपकिरी-काळा होतो आणि चमकतो. त्यासाठी वेगळा फोटो लागत नाही. रंग गडद करा आणि रफनेस (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) कमी करा.

माडांची गर्दी टाळा. पोफळी, फणस, केळी यांनी डिचोली-सत्तरी लगेच ओळखू येते. नुसते माड लावले तर ते पर्यटनाच्या जाहिरातीसारखं होतं.

इतिहासातली लढाई करू का?

करा, पण तिचा एक घास घ्या. पोर्तुगिजांविरुद्ध बंड केलेल्या दीपाजी राण्यांनी २६ जानेवारी १८५२ ला सत्तरीतला नानूसचा किल्ला घेतला. या विषयावर तीन जण आले आणि तिघांनाही शंभर माणसांचा हल्ला दाखवायचा होता. अर्ध्या मिनिटात आणि एका लॅपटॉपवर ते होत नाही. तटाशी उभा एक पहारेकरी आणि अंधारातून येणारा एक माणूस, एवढं होतं. पोशाख आणि हत्यारं त्या काळची आहेत का हे तपासा. १८५२ मध्ये बंदुका होत्या, हे विसरून सगळेच तलवारी देतात.

आवाज कुठून आणू?

घरातून. आम्ही ज्या आवाजांवर सगळ्यात खूश आहोत ते सगळे आसपासचे आहेत.

तलवार किंवा काठी हवेतून जाते त्यासाठी माडाचे हीर घ्या, दहा-बारा एकत्र बांधा आणि फोनपासून हातभर दूर झपकन फिरवा. सुके हीर कोरडा, धारदार आवाज देतात. ताजे हिरवे हीर जाड, भरलेला. अंगावर बसणाऱ्या फटक्यासाठी ओलं जाड कापड धुण्याच्या दगडावर आपटा. त्याच्याखाली एक खोल घुमणारा आवाज लागतो, जो छातीत जाणवावा. त्यासाठी आम्ही घुमट हे मातीच्या मडक्याला चामडं लावलेलं वाद्य वापरतो. डाव्या हाताने मागचं तोंड अर्धं झाकून चामड्यावर एकच थाप मारायची आणि हात हळूच उघडायचा; ‘घुम्म’ असा वर चढत जाणारा सूर येतो. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये तो थोडा खाली उतरवून कापडाच्या आवाजाखाली ठेवला, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी एकदम मान वर केली होती. पूर्वी घुमटाला घोरपडीचं चामडं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं चामडं लावतात. आमचंही तेच आहे.

आवाज घाव बसलेल्या फ्रेमवर किंवा एक फ्रेम नंतर ठेवा. आधी कधीच नको. आणि सगळ्यात मोठ्या फटक्याच्या आधी अर्धा सेकंद रातकिडेसुद्धा बंद करून टाका.

बाहेरून आवाज घेतलात, उदाहरणार्थ फ्रीसाउंडवरून, तर प्रत्येक फाइलचा परवाना वाचा. काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक कामाला चालत नाहीत.

रेंडर करताना कशाची काळजी घ्यावी?

थेट व्हिडिओ फाइल काढू नका. फ्रेमा पीएनजी चित्रांच्या रूपात काढा आणि नंतर जोडा.

हे मी नुकसान सोसून शिकलो. जुलैची संध्याकाळ, पहिलाच पुरा प्रसंग, थेट व्हिडिओत रेंडर लावलेला. तीन तास चाळीस मिनिटं झाली होती. सोसाट्याचा वारा आला, वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी जुनी होती, तो बंद पडला. फाइल डिस्कवर होती, आकारही मोठा दिसत होता, पण ती कशानेच उघडेना. पीएनजी असती तर शेवटची एखादी फ्रेम गेली असती, बाकी सगळं हातात राहिलं असतं.

हिशोब सोपा आहे. ३० सेकंद गुणिले २४ म्हणजे ७२० फ्रेम. एका फ्रेमला २० सेकंद लागले तर चार तास. एक चित्र ३ एमबी धरलं तर साधारण २ जीबी जागा. प्रत्येक शॉट वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगवेगळा रेंडर करा. चूक निघाली तर तेवढाच पुन्हा करता येतो. पावसाळ्यात यूपीएस किंवा चांगली बॅटरी नसेल तर रात्रभराचं रेंडर लावू नका, आणि वीज चमकायला लागली की प्लग काढा.

चित्रं जोडायला दाविंची रिझॉल्वची फुकट आवृत्ती पुरते.

पहिल्या काही फ्रेम अंधाऱ्या येतात, कापड उडालेलं दिसतं.

इंजिनाला उजेड आणि कापड स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. अनरियलच्या मूव्ही रेंडर क्यूमध्ये वॉर्म-अप फ्रेम देता येतात. इतर इंजिनांत शॉटच्या आधी एक सेकंद जास्तीचा ठेवा आणि नंतर कापा.

रक्त दाखवू का?

मी नको म्हणतो. रक्ताने फटक्याचं वजन वाढत नाही, आणि घरातली लहान मुलंही आपलं काम बघतात.

पैसे भरावे लागतात का? पुढे विकलं तर?

गोडो एमआयटी परवान्याखाली आहे. काहीही करा, देणं लागत नाही. अनरियलमध्ये बनवलेल्या ॲनिमेशनपटावर रॉयल्टी नाही. २०२४ पासून खेळांव्यतिरिक्त काम करणाऱ्या, वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्या कंपन्यांना माणशी शुल्क आहे, तुम्हाआम्हाला नाही. युनिटीची पर्सनल आवृत्तीही आपल्यासारख्यांना फुकट आहे. जपायचं ते दुसरीकडे: नावाजलेल्या खेळातली पात्रं उचलू नका, सिनेमातलं संगीत लावू नका. मिक्सामोच्या हालचाली तुमच्या प्रसंगात चालतात, पण त्या फाइली तशाच पुढे वाटायच्या नाहीत.

एआयने व्हिडिओवरून हालचाल काढता येते म्हणतात. मग हे सगळं कशाला?

येते, आणि आम्ही वापरतोही. फोनच्या व्हिडिओवरून कच्ची हालचाल मिळते. पण दोन माणसं भिडली, एकाचा हात दुसऱ्यामागे गेला, की सांधे उड्या मारतात, पाय थरथरतात, आणि त्या तीन थबकलेल्या फ्रेम त्यात कधीच नसतात. त्या तुम्हालाच घालाव्या लागतात.

किती दिवस लागतील?

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून पहिल्या प्रसंगाला दोन-तीन महिने. त्यातला निम्मा वेळ हालचालीत गेला पाहिजे. देखाव्यातच महिना गेला असेल तर दोन राखाडी बाहुले घ्या आणि परत फटक्याकडे या.

झाल्यावर आधी कोणाला दाखवू?

जो खेळ खेळत नाही अशा माणसाला, आणि आवाज बंद करून. मी माझ्या आईला दाखवतो. ती भाजी निवडता निवडता बघते. एकदाच दाखवायचं, मग विचारायचं: कोणाला लागलं, आणि कुठे? “त्या निळ्या शर्टवाल्याच्या खांद्याला लागलं, तो आता हात वर करणार नाही,” असं तिने सांगितलं की तो शॉट झाला. “लागलं का त्याला?” असं विचारलं की मी त्या शॉटचं फोल्डर परत उघडतो.

व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो इतका दाबला जातो की वेगवान फ्रेमा चिखल होतात, आणि समोरचा सांगतो ती चूक तुमची नसतेच.